भोंग्यात न आलेला आवाज

परवा साखऱ्याहून पुतण्या आला. दारात चपला काढल्या, आत आला, आणि त्याच्या पँटीच्या मोहरीला चिकटून आलेले करडीचे काटे आमच्या हिंगोलीच्या घरातल्या फरशीवर सांडले. "काकू, यंदा दोन एकर करडी केली," तो म्हणाला. मी म्हटलं, "खरंच दोन?" तो हसला आणि पाणी प्यायला आत गेला. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे. हिला काहीही सांगा, ही आधी "खरंच?" म्हणणार.

खाली बसून एकेक काटा वेचायला लागले, तर एक बोटात गेलाच. करडीचा काटा बारीक. दिसत नाही, पण दोन दिवस ठणकतो. तो काढता काढता नाकात वास आला, वाळल्या करडीचा, थोडा तेलकट, थोडा मातकट. आता आमच्याकडं जिकडं तिकडं सोयाबीन आणि हरभरा. काट्यांत हात घालायला माणसं मिळत नाहीत, म्हणून करडी कोणी करत नाही. त्यामुळं हा वास वर्षानुवर्षं येत नाही, आणि आला की एकाच सुगीचा येतो. आणीबाणीतल्या सुगीचा.

आधीच सांगून टाकते, मी संशयी बाई आहे. उगाच मागाहून कोणी म्हणायला नको. दूधवाल्याच्या समोर दुधात बोट बुडवून बघते. एका डॉक्टरनं दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरला दाखवते. शाळेत शिकवत होते तेव्हा पोरं एकमेकांना सांगायची, बाईंना पोट दुखतं म्हणू नका रे, बाई पोट दाबून बघतात. माझी माय म्हणायची, "कौसे, तुला डोळे दोन हाईत, पण शंका दहा." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. माझं तोंड कधी पोळलंही नव्हतं. मी आपली जन्मापासून ताक फुंकत आले.

आणि अशा बाईचं लग्न कोणाशी व्हावं? तर ज्याचं काम कोणाला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, अशा माणसाशी.

नवऱ्याचं नाव घ्यायला आमच्या वेळी उखाणा लागायचा. आता सत्तरी आली, बिनउखाण्याचं घेते. मारोतराव. साखऱ्याच्या बौद्धवाड्यातले, शाळा जेमतेम चौथीपर्यंत. सोळाव्या वर्षी मामाच्या मागं मुंबईला गेले. मामा गोदीत होता. यांना एका मोठ्या हॉटेलात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पार्टीची खोकी उचलायचं काम मिळालं. खोकी उचलता उचलता दोन वर्षं गेली, आणि पार्टीतला एक जण परदेशी निघून गेला. तो जे वाद्य वाजवायचा, ते घ्यायला कोणी राजी नव्हतं, कारण ते वाजवणाऱ्याकडं लोक बघत नाहीत. चार जाड तारांचं ते गिटार यांच्या गळ्यात पडलं. त्याला बेस गिटार म्हणतात. पुढं ते वाजवता वाजवता हे गायलाही लागले. तेही इंग्रजी, रॉक म्हणतात ते.

हे सगळं मला लग्नात सांगितलं होतं का? छे. सांगितलं होतं, "पोरगं मुंबईला हाटेलात हाय." माझा बाप औंढ्याजवळच्या खेड्यातला साधा माणूस. त्याला वाटलं, वाढपी असेल.

लग्नानंतर दोन वर्षं मी साखऱ्याला, सासूबाईंजवळ. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. मारोतराव सहा-आठ महिन्यांनी यायचे, चार दिवस राहायचे, जायचे. पत्रात एकच ओळ, माझं बरं चाललं आहे. बरं म्हणजे काय? कपडे असे, की आमच्या बौद्धवाड्यातली कुत्रीही ओळख विसरायची. केस मानेवर. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. फक्त जागा सापडत नव्हती.

तर त्या सुगीत ते आले, आणि पहिल्यांदाच सोबत एक काळी पेटी. उभी केली तर माझ्या खांद्याला लागेल एवढी लांब.

दिवस कसे होते, ते आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. गावात जीप दिसली की बापे माणसं शेतात पळायची. नसबंदीला धरून नेतात म्हणून. साखऱ्यातून कोणाला नेलं होतं का, हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं, पण पळायचं मात्र सगळ्यांनी. अशात शहरी कपड्यांतला, केस वाढवलेला माणूस काळी पेटी घेऊन वेशीतून आत येतो. त्याच्याच आळीतली, त्याला नागडं खेळताना बघितलेली माणसं चार हात लांब उभी राहिली. सखाराम, म्हणजे आमच्याकडच्या गायन पार्टीचा ढोलकीवाला, यांचा जुना सोबती, तोही पुढं येईना.

"मारोती, खरं सांग. तुला कोणी पाठवलं?"

"माझ्या घरी यायला मला कोण पाठवंल, सख्या?"

"पेटीत काय हाय?"

आत्याबाई दारातूनच ओरडल्या, "बंदूक तं न्हाई ना रे, बाबा?"

यांनी ओट्यावर पेटी उघडली. आत लाल रंगाची लाकडी फळी, तिला लांब दांडा, दांड्यावर चार तारा. सखारामनं भीत भीत बोटानं वाजवून बघितलं. तार पुटपुटली. मग त्यानं फळी उलटी केली, टकटक केलं आणि म्हणाला, "आरं, हे तं भरीव हाय. पोकळ न्हाई तं आवाज राहील कुठं?"

"हे लाइटवर चालते," मारोतराव म्हणाले. साखऱ्यात तेव्हा वीज कुठली! सगळे हसले. मीही पदराआड हसले, पण माझं हसू वेगळं होतं. मला वाटलं, बरोबर. असं वाद्य आणलं, की जे इथं वाजूच शकत नाही. म्हणजे कोणी वाजवून दाखव म्हणायलाच नको.

दुसऱ्या दिवशी पहाटेच करडीत गेलो. करडी दवात काढावी लागते, ऊन चढलं की काटे कडक होतात. हाताला गोणपाटाच्या चिंध्या गुंडाळून आम्ही दोघं एका ओळीत लागलो. तास-दीड तासात यांच्या चिंध्या सुटल्या, म्हणून मी त्यांचा डावा हात धरून बांधायला घेतला. तळवा मऊ, माझ्याहून मऊ. आणि चारी बोटांच्या शेंड्यांना घट्टे. असे घट्टे, की काटा टोचला तरी रक्त येऊ नये. मी हात तसाच धरून ठेवला. आमच्याकडं विळ्याचा घट्टा कुठं पडतो, टिकावाचा कुठं पडतो, लहान लेकरालाही कळतं. हा कशाचा?

"तारंचा," ते म्हणाले.

"खरंच?"

त्या सुगीत मी हा शब्द पहिल्यांदा त्यांच्यासमोर उच्चारला. मग तिथंच बांधावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. पार्टीला कलकत्त्याच्या एका हॉटेलात वर्षभराचं काम मिळालं होतं. रोज संध्याकाळी वाजवायचं, राहायला खोली. पाडव्याच्या आत मुंबईला पोचायचं होतं. आणि ते मला न्यायला आले होते.

"आईला बी नेऊ. तू चल, कौसे. तू न्हाई आलीस तं मी बी जाणार न्हाई. आता मला एकट्याला ते जमत न्हाई."

बघा, केवढी गोष्ट माझ्या पदरात टाकली! एकवीस वर्षांची होते मी, सातवी पास. हिंगोलीच्या पलीकडं काही बघितलेलं नव्हतं. मन एकदम भरून आलं, खोटं कशाला बोलू. आणि त्याच क्षणी आतली दुसरी कौसाबाई जागी झाली. हा माणूस नक्की करतो काय? कलकत्त्याला नेऊन मला कोणत्या घरात उभं करणार? तिथं आधीच कोणी असली तर? मी म्हटलं, "आधी मला तुमचं वाजवणं, गाणं ऐकवा. माझ्या कानानं ऐकते. मग येते."

"रेकॉर्ड निघाली हाय आमची. ऐकवतो," ते म्हणाले, आणि इतके खूश झाले, की घरी येईपर्यंत शीळ घालत होते.

दुपारी त्यांनी रेकॉर्ड दाखवली. बशीएवढी काळी तबकडी. पाकिटावर चार माणसांचा फोटो. चौघांचेही केस वाढलेले, एकानं काळा चष्मा लावलेला. "हा मी," त्या चष्म्यावर बोट ठेवून ते म्हणाले. मी फोटो उजेडात नेला, तिरका धरला, लांब धरला. काळा चष्मा लावल्यावर कोणीही कोणीही असतो. नाव कुठं आहे, विचारलं, तर पार्टीचंच नाव छापलेलं, माणसांची नावंच नव्हती.

"तुमचं नाव काहून न्हाई?"

"चौघांचं मिळून एकच नाव असतं, कौसे."

हे तर फारच सोयीचं झालं.

आधी ते म्हणाले होते, हिंगोलीत एका डॉक्टरकडं लाकडी कपाटाएवढा, रेकॉर्ड वाजवणारा रेडिओग्राम आहे, ओळख काढू, तिथं ऐकवतो. मी तयार झाले. जायचं त्या सकाळी एकाएकी म्हणाले, "न्हाई, हिंगोलीला नको. हितंच ऐकवतो, सगळ्यांच्या समोर. पुसेगावच्या रज्जाकभाईला बोलावतो." रज्जाकभाई म्हणजे लाऊडस्पीकरवाला. लग्नात, जयंतीत त्याचा भोंगा, त्याची बॅटरी, त्याची रेकॉर्ड वाजवायची मशीन. डॉक्टरचं घर सोडून भोंगा का, हा प्रश्न माझ्या मनात आला, आणि मी त्याचं उत्तर माझ्या मनानंच लावून टाकलं. डॉक्टर इंग्रजी जाणणारा. त्याच्यासमोर लबाडी उघडी पडेल, म्हणून.

मधे दोन दिवस होते. त्या दोन दिवसांतली एक दुपार मी कोणाला सांगितलेली नाही. आमचं घर मातीचं, पण दार सागवानी. सासऱ्यांनी हौसेनं बसवलेलं, जाड फळ्यांचं. मी पाणी घेऊन येत होते. दार लोटलेलं होतं, आणि दाराबाहेर आत्याबाई पाठ टेकून तूर निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बाई, दार गुणगुणून राहिलं गं. पाठीला बरं वाटून राहिलं."

मी फटीतून बघितलं. मारोतराव आत बसलेले, त्या लाल फळीचा दांडा दाराच्या लाकडाला दाबून टेकवलेला, आणि बोटं तारांवर. आवाज असा नव्हताच. दारच वाजत होतं. थोड्या वेळानं आत्याबाई उठून चुलीकडं गेल्या. मी आजूबाजूला बघितलं, कोणी नव्हतं. हंडा खाली ठेवला आणि दाराला गाल लावला. धुम्, धुम्, धुम्, मग एक लांब सूर, खाली खाली उतरत जाणारा, मग गप्प. ती गप्प जागा फार मोठी वाटायची. पुन्हा धुम्, धुम्, धुम्. माझे दात हलत होते, कानातले डूल हलत होते. पलीकडं तो माणूस, अलीकडं मी, मधे दोन बोटं लाकूड. तेवढा वेळ मला एकही शंका आली नाही. मग आतलं वाजणं थांबलं, आणि मी हंडा उचलून मागच्या बाजूनं गेले. काय सांगू, लाज वाटली.

रज्जाकभाई आला तो दुपार कलल्यावर. ध्वजाच्या कट्ट्याशेजारच्या निंबावर भोंगा बांधला, बॅटरी जोडली आणि सवयीनं ओरडला, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग!" झालं! शेतात, ओट्यावर, जिथं असतील तिथून बापे माणसं उठली आणि ओढ्याच्या बाजूला पळाली. नसबंदीच्या शिबिराचं बोलावणं आलं समजून. सखाराम तर ढोलकी काखेत मारूनच पळाला. खरी गोष्ट कळून सगळे परत येईपर्यंत बराच वेळ गेला. आले ते धापा टाकत आणि चिडून. गावातले दोन-चार शेतकरीही तमाशा बघायला आले. बायका ओट्यांवर. मला आत्याबाईंनी पुढं उभं केलं.

मारोतरावांनी स्वतःच्या हातानं तबकडी पुसली आणि लावली.

भोंग्यातून पहिल्यांदा खरखर आली, मग एक किरटी गिटार, पत्र्यावर खिळा ओढावा तशी. मग टपटप. मग नाकातल्या नाकात गाणारा कोणीतरी इंग्रज. मी जीव कानात आणून ऐकत होते. दाराला गाल लावून ऐकलेलं ते धुम् शोधत होते. गाण्याच्या खाली, मागं, मधे, कुठं कुठं शोधलं. नव्हतं. मी यांच्याकडं बघितलं. ते निंबाला टेकून उभे, डोळे मिटलेले, आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर चाललेली. मला वाटलं, बोटं काय, कोणीही हलवील.

सखाराम मोठ्यानं म्हणाला, "मारोती, तू तं म्हणला व्हतास, ढोलकीच्या धूम बाजूचं, खालच्या आवाजाचं काम तुझ्याकडं हाय. ह्यात धूम हाय कुठं?" लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "दुसऱ्याचं गाणं आणून आपलं सांगून राहिला." आत्याबाईंचं तोंड बारीक झालं. रज्जाकभाई भला माणूस. त्यानं सावरायला म्हणून मलाच विचारलं, "भाभी, आप बोलो. मियाँ का आवाज है ना? बराबर?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मारोतरावांनीही डोळे उघडले. ते नुसते माझ्याकडं बघत राहिले.

मी म्हटलं, "न्हाई. ह्यात ते न्हाईत."

त्यांनी सुई उचलली. तबकडी शर्टाला पुसली, पाकिटात घातली आणि रज्जाकभाईला म्हणाले, "चहा घेऊन जा." एवढंच. ना चिडले, ना शपथ घातली. आणि खरं सांगते, त्याचाही मला संशयच आला. खरा असता तर भांडला नसता का?

पाडवा आला आणि गेला. ते गेले नाहीत. ती लाल फळी पार्टीची होती. गोणपाटात बांधून, वरून शिवून, त्यांनी ती मुंबईला परत पाठवली. केस कापले. हिंगोलीला एका शाळेत शिपाई लागले, आणि पहिल्या वर्षीच माझ्यापुढं दहावीची पुस्तकं आणून टाकली. "वाच. तुला परीक्षा घ्यायची हौस हाय, तं मास्तरीण हो." मी झाले. माझं डी.एड., माझी नोकरी, पोरांची शिक्षणं, ही फरशी, सगळं त्या एका 'न्हाई'वर उभं आहे. आयुष्यभर मी मनाला समजावत आले, बरं झालं. मी डोळे उघडे ठेवले म्हणून घर झालं, नाहीतर कलकत्त्यात कुठं भटकलो असतो कोण जाणे. समजावलं खरं, पण समजावावं का लागत होतं, हे कधी स्वतःला विचारलं नाही. दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या माणसाला एवढी एक सवलत असतेच.

वाजवणं मात्र त्यांनी वेगळ्या वाटेनं चालू ठेवलं. सुटीच्या दिवशी साखऱ्याला जायचे आणि गायन पार्टीत कोपऱ्यात बसायचे. सखारामला म्हणायचे, "सख्या, सारखा बडवू नको. तीन दे, एक लांब घे, आन् मंग गप बस. गाणाऱ्याला जागा दे." सखाराम आधी चिडला, मग शिकला. त्याच्याकडून त्याचा पोरगा शिकला. पायपेटी वाजवणाऱ्यांना हे डाव्या हाताचं खालचं काम शिकवायचे. पुढं पेट्या गेल्या, कीबोर्ड आले, तरी डावा हात तोच. आता आमच्या सेनगाव तालुक्यात कुठंही जयंतीचा कार्यक्रम असू द्या, लग्नाची मिरवणूक असू द्या, ते तीन, एक लांब, मग गप्प, हे असतंच. वाजवणाऱ्या पोरांना विचारा, कोणाचं? म्हणतात, "असंच असते, मावशी. आधीपासून." मी यांना हे सांगितलं, तर पोट धरून हसले. म्हणाले, "मंग बराबर हाय. बेसवाल्याचं असंच पाहिजे."

आता या फाल्गुनातली गोष्ट. पुतण्या करडीचे काटे सांडून गेला, त्याच दिवशी नात आली. प्रज्ञा पुण्याला शिकते. तिच्या वयाच्या पोरांना पुन्हा तबकड्यांचं वेड लागलं आहे म्हणे. मशीन आणि दोन ठोकळ्यांएवढे स्पीकर ती सोबत घेऊन आली. "आजी, घरात काही जुनं आहे का?" मी काही बोलायच्या आत तिनं माझी ट्रंक उघडली होती. लुगड्यांच्या खाली, तळाला, ते पाकीट. त्या सुगीनंतर ती तबकडी कधीच वाजली नव्हती.

मारोतराव आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी पाकीट बघितलं, पण नको म्हणाले नाहीत.

प्रज्ञानं सुई ठेवली. तीच किरटी गिटार, पण आता गोड. तेच टपटप. आणि खाली, फरशीतून, खुर्चीच्या पायांतून, माझ्या पोटातून, धुम्, धुम्, धुम्. मग तो लांब सूर, खाली खाली उतरत जाणारा. मग गप्प. अगदी तेवढीच मोठी गप्प जागा. माझा हात आपोआप गालावर गेला. साखऱ्याच्या दाराचं खरखरीत लाकूड गालाला लागलं, असं वाटलं. गाणाराही इंग्रज नव्हता. भाषा तेवढी इंग्रजी. आवाज आमच्या घरात इतकी वर्षं "कौसे, चहा" म्हणणारा.

"प्रज्ञे," मी म्हटलं, "हे भोंग्यात काहून आलं न्हाई गं? आम्ही भोंग्यावर ऐकलं होतं."

"भोंग्यात कसं येईल, आजी? भोंगा खालचे सूर सोडतच नाही. तिथं फक्त वरवरचं येतं. आजोबांना विचार ना, त्यांना तर माहीतच असणार."

त्यांना तर माहीतच असणार. बरोबर आहे. मोठमोठ्या स्पीकरांची खोकी उचलत जो हे काम शिकला, त्याला माहीत नसेल? रेडिओग्राममध्ये ऐकू येईल आणि भोंग्यात येणार नाही, हे माहीत असूनच या माणसानं ऐन वेळी हिंगोली रद्द केली होती. मी डोकं लावलं. म्हणजे याला जायचंच नव्हतं! कलकत्त्याची भीती याला, आणि 'न्हाई' माझ्या तोंडून वदवून घेतलं. इतकी वर्षं मी मनात ओझं वागवते आहे आणि हा खुशाल खुर्चीत बसला आहे. असा संताप आला म्हणता!

प्रज्ञा तबकडी उलटी करत होती. मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"भोंग्यातून तुमचं वाजवणं येत न्हाई, हे तुम्हाला माहीत व्हतं?"

"व्हय."

"मंग भोंगा काहून आणला? तुम्हाला जायचं न्हवतं, व्हय ना? खरं सांगा."

"जायचं व्हतं," ते म्हणाले. "लई जायचं व्हतं."

मग खुर्चीत पुढं सरकून बसले.

"पण कौसे, तिथं आपलं कोणीच न्हवतं. मी रोज उशिरा येणार. रोज तू विचारणार, कुठं होता, खरंच का. डाक्टरकडं ऐकवलं असतं तं तू मानलं असतंस. ते त्या दिवसापुरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुरावा कुठून आणू? मला बघायचं व्हतं, ऐकू न येता बी तू व्हय म्हणतीस का. एकदा म्हटली असतीस, तं जगाच्या टोकाला नेलं असतं."

"मग सांगायचं तरी होतं, ही परीक्षा आहे म्हणून!"

"तू तुझ्या पोरांना सांगून पोट दाबत होतीस काय?"

ते हसले. मला हसू आलं नाही. मी तिथंच फरशीवर बसले. परीक्षा घ्यायची हौस हाय तं मास्तरीण हो, असं हे का म्हणाले होते, ते मला आज कळलं. ही माझी चूक, आणि त्यांचीही. पण माझी आधी. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि ते मी त्यांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं. चहा कर." मग म्हणाले, "राहू दे. बस."

प्रज्ञानं पुन्हा तेच गाणं लावलं. आम्ही तिघांनी शेवटपर्यंत ऐकलं. सगळी वाद्यं थांबली, गाणं संपलं, सुईची खरखर तेवढी राहिली. प्रज्ञा उठायला लागली, तर मारोतरावांनी हात वर केला.

"थांब. आणखी हाय. सगळे थांबले ना, तरी माझी जाडी तार वाजून राहिली व्हती. मी हात ठेवला न्हवता तिच्यावर. बराच वेळ राहिली."

प्रज्ञानं कान स्पीकरला लावला. बटण फिरवून आवाज वाढवला. "काहीच नाही, आजोबा. नुसती खरखर आहे."

"आलं नसंल रेकॉर्डात," ते म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं. निंबाखालून बघितलं होतं तसंच.

मी कान दिला. खरखरच होती. 'खरंच?' हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला, सवयीनं. मी तो गिळला.

"व्हय," मी म्हणाले.

"ऐकू आलं तुला?"

"न्हाई आलं," मी म्हणाले. "पण हाय."